अनुस्वार आणि अपॉस्ट्रॉफी

महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीच्या वर्गात आले. परंतु मुदखेडच्या मराठी शाळेतील मूल षष्ठी घरूनच घेऊन येते, याची दखल आम्ही शिक्षक घेत नाही. ‘स्टुडंट्स’ हा एकच उच्चार इंग्रजीत अनेकवचन, एकाची षष्ठी आणि अनेकांची षष्ठी अशी तीन रूपे वाहतो. भेद फक्त कागदावर. मराठीत ‘विद्यार्थ्याचे’ आणि ‘विद्यार्थ्यांचे’ कानालाच वेगळे (उच्चार सैल नसेल तर!). म्हणून आमच्या मते नियम घोकवण्याआधी सामान्यरूप विचारावे: अनुस्वार आला तर अपॉस्ट्रॉफी ‘एस’नंतर, नाहीतर आधी. ‘चिल्ड्रन’ अपवाद. खरी अडचण आदरार्थी बहुवचनाची: ‘सरांची खुर्ची’ म्हणताना अनुस्वार येतो, पण सर एकच असतात.