बाजार उठण्यापूर्वी

भाऊबीजेच्या संध्याकाळी एखादा परदेशी पाहुणा माहीमच्या कंदीलगल्लीत उभा राहिला आणि "ते कंदील कुठे आहेत?" असे विचारू लागला, तर आपण काय करू? त्याची कीव करू, घरी नेऊन चार करंज्या खाऊ घालू आणि तो गेल्यावर पोट धरून हसू. 2022 सालच्या 25 डिसेंबरला जर्मनीतील न्युरेंबर्ग शहराच्या मुख्य चौकात मी नेमका असाच उभा होतो. बरोबर सौ., आमची कन्या आणि 74 वर्षांची आई.

नाताळचा बाजार पाहायचा म्हणून नाताळच्या दिवशी हजर व्हावे, यात माझे काय चुकले, असे मला त्या वेळी वाटले होते. कॉलेजला सुटी, शाळेला सुटी, तिकिटेही मिळालेली. चौकात लाकडी दुकाने ओळीने उभी होती. पण सगळ्यांच्या फळ्या बंद. ना दिवा, ना गिऱ्हाईक. आईने शालीतून तोंड बाहेर काढले, चौकभर नजर फिरवली आणि म्हणाली, "अरे, बाजार उठला की!"

माझा धाकटा भाऊ शेजारच्या एर्लांगेन गावी नोकरीला असतो. मी त्याच्यावर घसरलो. "तू सांगितलं का नाहीस?" तो शांतपणे म्हणाला, "दादा, तुम्ही मला भेटायला येताय असं वाटलं मला. बाजाराचं कोण बोललं होतं?"

यावर मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण असे, की यंदा आम्ही पुन्हा निघालो आहोत, आणि या वेळी पंचांग बघून. दरसाल या सदरात मी पुस्तकांविषयी आणि विद्यार्थ्यांविषयी लिहितो. यंदा घरात तिकिटे, विमा आणि लोकरीचे मोजे यांखेरीज दुसरा विषय नाही.

तर पंचांग असे आहे. नाताळच्या आधीच्या चार रविवारांपासून ख्रिस्ती मंडळींचा 'आगमनकाळ' मानला जातो. त्याला ते ॲडव्हेंट म्हणतात. पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान कधीतरी येतो. जर्मनीतले जुने बाजार या काळाचे आहेत, नाताळच्या दिवसाचे नव्हेत. न्युरेंबर्गचा बाजार पहिल्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी उघडतो आणि 24 डिसेंबरला दुपारी बंद होतो. त्यानंतर सण घरात शिरतो. 24 ची संध्याकाळ तिथे आपल्या लक्ष्मीपूजनासारखी. दारे बंद, दिवे आत. 25 आणि 26 या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुटी असते आणि वाण्याचे दुकानही उघडे मिळत नाही. त्या वर्षी भावाने दूध, बटाटे आणि पाव आधी आणून ठेवले नसते तर आम्ही विमानातल्या बिस्किटांवर सण साजरा केला असता.

ज्यांना 25 च्या आत रजा मिळणेच शक्य नाही, त्यांनी व्हिएन्नाकडे वळावे. तिथला नगरभवनासमोरचा बाजार 26 पर्यंत असतो, आणि शॉनब्रुन राजवाड्यासमोरचा तर अलीकडच्या वर्षांत नवे साल लागल्यावरही चालू राहिलेला आहे. बर्लिनचेही काही बाजार डिसेंबरअखेरपर्यंत चालतात. सहलीच्या जाहिरातीत 'ख्रिसमस मार्केट' हे शब्द वाचून हुरळण्यापूर्वी कोणत्या गावी कोणत्या तारखेला नेणार, एवढे विचारावे. मला कोणी विचारायला सांगितले नव्हते.

पण आम्हांला न्युरेंबर्गच हवे आहे, कारण भाऊ तिथे आहे, आणि आईचे त्या बाजाराकडे काही येणे राहिले आहे. ते पुढे सांगतो.

या बाजाराचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे 1628 सालची एक लाकडी डबी. ती तिथल्या वस्तुसंग्रहालयात आहे आणि तिच्यावर बाजाराचे नाव लिहिलेले आहे. साडेतीनशे-चारशे वर्षांचा बाजार म्हटला की आपण त्याला सलग समजतो. तसा तो नाही. 1898 मध्ये त्याला मुख्य चौकातून हलवले. 1933 मध्ये नाझींनी तो वाजतगाजत परत आणला, कारण जुन्या जर्मन वैभवाचा देखावा त्यांना हवाच होता. त्या वर्षी चौकालाही हिटलरचे नाव दिले गेले. महायुद्धात बाजार बंद पडला आणि 1948 साली, शहराचे ढिगारे अजून उपसायचे असताना, पुन्हा भरला. चौकाची कहाणी तर आणखी मागे जाते. 1349 साली तिथली ज्यू वस्ती उद्ध्वस्त करून हा चौक काढला, आणि ज्या चर्चच्या सज्ज्यातून बाजाराचे उद्घाटन होते ते चर्च ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या जागेवर उभे आहे. दिव्यांच्या झगमगाटात हे कोणी सांगत नाही. आपण मात्र माहीत करून घेऊन जावे.

उद्घाटन करते ती 'क्रिस्टकिंड' नावाची, सोनेरी कुरळ्या केसांची आणि उंच मुकुटाची मुलगी. 1969 पासून दर दोन वर्षांनी शहरातल्या मुलींतून तिची निवड होते. 2019 साली निवडलेल्या बेनिग्ना मुन्शी हिचे वडील मूळचे भारतीय. एका राजकीय पक्षाच्या स्थानिक शाखेने तिच्या वंशावरून टवाळी केली. पण त्यावर एवढा निषेध उसळला की तो मजकूर मागे घ्यावा लागला. ही हकिगत भावाने आईला फोनवर सांगितली तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे आपली पोर!" मुन्शी कुठले, आपण कुठले, पण आईचा नकाशा निराळा आहे.

आता आईचे येणे. त्या बाजारात सुक्या आलूबुखारांच्या बाहुल्या मिळतात. तारेत ओवलेल्या फळांचे हातपाय, अक्रोडाचे डोके, वर टोपी आणि कपडे. कोणी माळी, कोणी धुराडी साफ करणारा. भावाच्या घरी शेजारणीने दिलेली अशी एक बाहुली आईने पाहिली आणि मावळ्यांच्या शेजारी दिवाळीच्या किल्ल्यावर ही उभी करायची, असे तिच्या मनाने घेतले. "विकत मिळते ना? मग आपली आपण घेऊ," म्हणाली. पण बाजार उठलेला. तेव्हापासून दर दिवाळीला किल्ला झाला की तिला तो आलूबुखारवाला आठवतो.

यंदा आई 77 ची होते आहे. गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारले, "नेऊ का?" ते म्हणाले, "यंदा न्या. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू." दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आम्ही तिघेही गप्प होतो. मग आईच म्हणाली, "ऐकलंस ना? या खेपेला तारीख चुकवू नकोस."

इथे पेच असा पडला: 24 च्या आधी जावे तर बाजार आहे, पण भाऊ 23 पर्यंत कचेरीत. नंतर जावे तर भाऊ घरी आहे, पण बाजार नाही. मी कागदावर दोन रकाने आखून बसलो. सौ.ने कागद ओढून घेतला आणि म्हणाल्या, "अहो, बाजार काय सकाळी दहालाच बघायचा असतो का? तिथे सव्वाचारला सूर्य मावळतो. भावजी पाचला सुटले की स्टेशनावर येतील." तिथले लोकही कचेरीतून सुटल्यावर सोबत्यांना घेऊन असेच जातात. माणूस आणि बाजार हे दोन रकाने मी आखले होते. भाऊ ती वही केव्हाच विसरला असावा.

म्हणून 17 ला पोहोचायचे, 30 ला परत. मला पाच-सहा दिवसांचीच रजा लागते. माझ्या वाट्याचे परीक्षेचे पर्यवेक्षण एका सहकाऱ्याने पत्करले, त्याबदल्यात मार्चमध्ये त्याचे मी करायचे. शनिवार-रविवारी चौकात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आईला न्यायचे ते आठवड्याच्या मधल्या दिवशी, अंधार पडता पडता.

शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. तो आम्ही सप्टेंबरातच दिला. प्रत्येकी 90 युरो शुल्क, आणि किमान 30 हजार युरोंचा आजारपणाचा विमा. वाढत्या वयाला विम्याचा हप्ता चढा लागतो. आईला तो आकडा सांगितलेला नाही. कपड्यांविषयी एवढेच सांगतो की थंडी वरून येत नाही, चौकातल्या दगडांतून तळपायात चढते. जाड तळाचे बूट आधी घ्यावेत, कोट कोणाचा तरी मागून आणता येतो. साडीच्या आत लोकरीची विजार घालायला आई एकदाची तयार झाली, "दिसत नाही ना बाहेरून?" या अटीवर.

खाण्याचे हाल होतात ही समजूत खोटी. सॉसेजचा वास सगळीकडे असतो हे खरे. पण किसलेल्या बटाट्याची तळलेली थालीपिठे सफरचंदाच्या मुरंब्यासारख्या गोडाबरोबर मिळतात, साखरेत परतलेले बदाम मिळतात, भाजलेली चेस्टनट मिळतात. गरम मसालेदार दारूचे पेले सर्वत्र फिरतात. मुलांसाठी तसलेच, पण दारूविना पेय असते. पेल्याची अनामत रक्कम आधी घेतात, पेला परत केला की ती मिळते. ठेवून घेतला तर आठवण म्हणून आपला. न्युरेंबर्गचा खास पदार्थ म्हणजे लेबकुखेन नावाची मसालेदार वडी. तिच्यातल्या सर्वांत उंची प्रकारात किमान चौथा हिस्सा सुकामेवा असावा आणि पीठ दहा टक्क्यांवर असू नये, असा नियमच आहे. आमच्या लाडूवाल्यांना असा नियम लावला तर काय होईल, हा विचार मी मनातच ठेवतो. बऱ्याच दुकानांत रोख पैसे लागतात, तेव्हा सुटे जवळ असू द्यावेत.

इकडून दूध-दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. साजूक तूप आणि पेढे आईने नाराजीने बाजूला काढले. चकल्या चालतात.

आणखी एक वस्तू ती नेते आहे. गेल्या खेपेला भावाच्या खिडकीत तिने कागदाची एक टोकदार चांदणी टांगलेली पाहिली होती, आत दिवा. ही हेर्नहूट गावची चांदणी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एका ख्रिस्ती वसतिगृहशाळेत मुलांना भूमिती शिकवताना तशी चांदणी प्रथम करवून घेतली, आणि पुढे आगमनकाळच्या पहिल्या रविवारी ती घरोघर लागू लागली. आईने खालून-वरून नीट पाहून निकाल दिला होता, "आपलाच कंदील, फक्त शेपट्या नाहीत." तेव्हा यंदा घडीचा एक कंदील, शेपट्यांसकट, त्याच खिडकीत दुसऱ्या खिळ्याला लागायचा आहे.

काल कन्येने मोजपट्टी घेऊन खोका मोजला. विमानात हाती नेण्याच्या मापापेक्षा तो दोन बोटे मोठा भरतो. आई म्हणते, मांडीवर घेऊन बसेन.