रद्दीपलीकडचा स्वाध्याय

विद्यार्थी प्रकल्प लिहितो, प्राध्यापक गुण देतात आणि सत्र संपले की गठ्ठा रद्दीत जातो. हे बदलावे म्हणून २०११मध्ये पुण्यातील काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना इंग्रजी विकिपीडियावर लिहिते केले गेले. पण इतका मजकूर जसाच्या तसा उचललेला निघाला की तो निस्तरताना स्वयंसेवक संपादक मेटाकुटीला आले आणि प्रयोग थांबला. कल्पना खोटी नव्हती, आखणी घाईची होती: विद्यार्थी फार, मार्गदर्शक थोडे.

म्हणून विषय लहान हवा, खर्डा आधी तपासला जावा आणि वाचणारा खरा असावा. गावातल्या जुन्या विहिरींची नोंद मराठीत करायला सांगा; विद्यार्थी नक्कल करणार तरी कुठून? हा अंक अशाच स्वाध्यायांसाठी आहे.

— संपादक