औषधाचा इशारा बॅच नंबरवर येतो, गावात नंबरच हातात नसतो

अर्धापूर : ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने लेकरं दगावली. त्यातल्या काहींवर नागपुरात उपचार चालू होते. लगेच आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानेही इशारा काढला. कोल्ड्रिफ सिरप, बॅच नंबर एसआर-१३, वापरू नका, जवळ असेल तर कळवा. तमिळनाडूत तयार झालेल्या या सिरपमध्ये किडनी निकामी करणारं डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के आढळलं होतं.

इशारा मोबाईलवर आला. पण घरातल्या बाटलीचं लेबल फाटलेलं असेल तर माणसाने काय जुळवून बघायचं? गोळ्यांचं तर त्याहून अवघड. मालेगाव असो की दाभड, चार गोळ्या मागितल्या की मेडिकलवाला कात्रीने स्ट्रिप कापून देतो. बॅच नंबर आणि मुदत बऱ्याचदा एकाच टोकाला छापलेली, ते टोक दुकानातच राहतं. बिल तर कुणी मागतच नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला दर्जा न टिकलेल्या औषधांची यादी जाहीर करते, तीही बॅचनुसार. एक बॅच नापास झाली म्हणून त्या नावाचं सगळं औषध खराब ठरत नाही. म्हणजे सगळा खेळ त्या नंबरवर, आणि नंबर आपल्याकडे नाही. यादी इंग्रजीत असते, ते वेगळंच.

दुसऱ्या प्रकारचा इशारा मात्र वेगळा असतो. औषध चांगलंच असतं, पण क्वचित कुणाला त्रास होऊ शकतो. नोव्हेंबर २०२३ अखेर गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल असा इशारा दिला. पाळीच्या दुखण्यावर घराघरात घेतलं जाणारं मेफ्टाल यातलंच. गोळी सुरू केल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगावर चट्टे, गाठी सुजणे असा गंभीर त्रास होऊ शकतो, लक्ष ठेवा, एवढंच त्यात होतं. बंदी नव्हती. अशा इशाऱ्याला बंदी समजून बीपी-शुगरची चालू गोळी आपल्या मनाने सोडली, तर त्याचाच धोका मोठा. डॉक्टरला विचारूनच काय ते ठरवावं.

असा त्रास झाला तर रुग्ण स्वतः कळवू शकतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. आयोगाचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. बनावट किंवा खराब औषधाची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, १८००-२२२-३६५ वर. दोन्हीकडे औषधाचं नाव सांगावं, बॅच नंबर माहीत असेल तर तोही. पक्क्या बिलावर तो असतो. १ ऑगस्ट २०२३ नंतर तयार झालेल्या ३०० नामांकित ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोडही आहे, मोबाईलने स्कॅन केला की बॅच आणि मुदत दिसते. स्ट्रिप कापायच्या आधी त्याचा फोटो काढून घ्यावा.