मुखवटा राहू द्या, कागद बघा

एमएफ डूमचं नाव निघालं की आपले रॅपप्रेमी त्याच्या धातूच्या मुखवट्यावर बोलतात. बोलायला हवं कागदावर.

डॅनियल डुमिले लंडनमध्ये जन्मला, पण लहानपणीच न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला आला, तिथेच वाढला. 1993 मध्ये केएमडी गटातला त्याचा साथीदार, सख्खा भाऊ सबरॉक, गाडीच्या धडकेत गेला. पुढच्याच वर्षी इलेक्ट्रा कंपनीने त्यांचा तयार अल्बम दाबला. कारण काय, तर मुखपृष्ठावर काळ्यांची टर उडवणारं जुनं व्यंगचित्र फासावर होतं. वर्णद्वेषाला फाशी देणाराच आक्षेपार्ह ठरला!

1999 मध्ये तो ‘ऑपरेशन: डूम्सडे’ घेऊन परतला, बहुतेक बीट्सही त्याचेच. अमेरिकी हिप-हॉपला त्याने इतकं दिलं. पण नागरिकत्व नव्हतं, म्हणून 2010 मध्ये परदेश दौऱ्यानंतर अमेरिकेने त्याला आत घेतलं नाही. बायको-मुलं तिकडे, हा इकडे. 2020 मध्ये तो इंग्लंडमध्येच वारला.

‘नियम म्हणजे नियम,’ असं म्हणणारे इथेही आहेत. आसामात 2019 च्या एनआरसी यादीतून 19 लाखांवर माणसं वगळली, तेव्हाही ते हेच म्हणाले. मी रोज डेटाबेस हाताळतो. रकाना रिकामा असेल तर आधी नोंद तपासायची असते, माणूस पुसायचा नसतो.