कारस्थान आणि कुजवलेले मत

इंग्रजीतील ‘कबाल’ हा शब्द हिब्रू ‘कब्बाला’पासून फ्रेंचमार्गे आला. परंपरेने लाभलेले गूढ ज्ञान हा त्याचा मूळ अर्थ. सतराव्या शतकात तो मूठभरांच्या गुप्त कारस्थानाला चिकटला. क्लिफर्ड, आर्लिंग्टन, बकिंगहॅम, अ‍ॅश्ली व लॉडरडेल या दुसऱ्या चार्ल्सच्या मंत्र्यांच्या आद्याक्षरांतून तो बनला, ही समजूत खोटी आहे. शब्द त्याआधीच प्रचारात होता. मात्र १६७० चा डोव्हरचा खरा तह त्यांपैकी पहिल्या दोघांनाच ठाऊक होता. उरलेल्या तिघांच्या सह्या दिखाऊ तहावर घेतल्या गेल्या. कारस्थान शेवटी आपल्याच माणसांना फसवते, ते असे.

भंडाऱ्याच्या १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत याच्या नेमके उलट घडले. मतदारसंघ द्विसदस्य असल्याने प्रत्येक मतदाराला दोन मते होती. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, तर सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. दुसरे मत कुजवले तर बाबासाहेबांचा विजय सुकर होईल, असे काही अनुयायांचे गणित होते. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले.

या पराभवाचे ऋण समाजवादी चळवळीवर आहे. जो समझोता चावडीवर उघडपणे सांगता येतो, ती युती. जो कुजबुजीतच तग धरतो, ते कारस्थान. उमेदवारीच्या प्रत्येक वाटाघाटीत कार्यकर्त्यांनी हीच कसोटी लावली पाहिजे, मग त्यात एखादी जागा गेली तरी चालेल.