गाईडचे पैसे कोण देतं?

कोचीला जाऊन आलेल्या माणसाच्या फोनमध्ये काय काय असतं, ते मी फोन हातात न घेता सांगतो. सूर्यास्ताच्या वेळची चिनी मासेमारीची जाळी. फोर्ट कोचीतली एक रंगवलेली भिंत आणि तिच्यापुढे उभी मैत्रीण. ज्यू टाऊनच्या गल्लीतलं एखादं जुनं पितळी भांडं, विकत न घेतलेलं. आणि घरी मिरी-वेलदोड्यांची पाकिटं, जी दादरला कदाचित स्वस्त मिळाली असती.

वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या ग्रुपबरोबर गेलेल्या माणसांचे फोटो इतके सारखे कसे? रील्समुळे, असं सगळे म्हणतात. रील्सचा हात आहेच. पण हा रस्ता रील्स येण्याच्या खूप आधी पडलाय, आणि तो कमिशनने पाडलाय.

फोर्ट कोचीत पाऊल ठेवलं की एखादा रिक्षावाला म्हणतो, 50 रुपयांत सगळं फिरवतो. दोन तास, 50 रुपये. यात पेट्रोलसुद्धा निघत नाही, हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. उरलेले पैसे दुकानदार देतो. मसाल्याचं दुकान, गालिच्याचं दुकान, ‘हस्तकला एम्पोरियम’ नावाची तीन मजली वातानुकूलित इमारत. तुम्ही काही घेतलंत तर बिलाचे टक्के, आणि काही ठिकाणी तर नुसते आत येऊन दहा मिनिटं थांबलात तरी काहीतरी. मग रिक्षा कुठे वळेल? ज्याचे पैसे, त्याचा रस्ता.

मी ज्या धंद्यात आहे तिथे हे गणित रोज बघतो. फुकट अ‍ॅप कुणाला काय दाखवतं, हे वापरणारा ठरवत नाही, जाहिरातदार ठरवतो. आपण चहाच्या टपरीवर उभं राहून यावर तावातावाने बोलतो, प्रायव्हसीवर पोस्ट टाकतो. आणि त्याच आठवड्यात सुट्टीवर जाऊन गाईडशी घासाघीस करून त्याला दुकानदाराच्या पदरात ढकलतो. गेल्या वर्षी आम्ही सहा जण कोचीला गेलो. अर्ध्या दिवसासाठी एका स्थानिक गाईडने 2500 रुपये सांगितले. माणशी चारशेच्या आसपास. ग्रुपवर लगेच मेसेज आला, ‘एवढे कशाला, मॅप आहे ना!’ हा मेसेज टाकणाऱ्याने आदल्या संध्याकाळी एकट्याने तेवढ्याची कोल्ड कॉफी आणि ब्राउनी खाल्ली होती.

मॅप आहे, मान्य. मॅप तुम्हाला परदेशी सिनेगॉगपर्यंत नेईल. 1568 साली बांधलेलं, चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, वर काचेची झुंबरं. दहा मिनिटांत बघून होतं आणि बाहेर पडताच दुतर्फा दुकानं. पण ‘परदेशी’ हा शब्द तिथे का आहे, हे विचारायला माणूस लागतो. कोचीतल्या ज्यूंमध्ये गोरे आणि काळे असा भेद होता. पूर्वी गुलाम असलेल्या आणि मग मुक्त झालेल्यांच्या वंशजांना या देवळात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, बरोबरीने बसता येत नव्हतं. त्यांच्यातलाच एक वकील, ए. बी. सालेम, या भेदाविरुद्ध गांधींच्या मार्गाने सत्याग्रह करत राहिला. त्याला ‘ज्यू गांधी’ म्हणायचे. चवदार तळं आणि काळाराम मंदिर शाळेत शिकलेल्या मराठी मुलामुलींना ही गोष्ट त्या गल्लीत उभं राहून ऐकायला मिळाली तर पायाखालच्या निळ्या फरशीकडे ती वेगळ्या नजरेने बघतील. सर्रास होणाऱ्या फेरीत मात्र फरशीची किंमत आणि वय सांगितलं जातं. कारण सालेमची गोष्ट ऐकून माणूस गप्प होतो, आणि गप्प झालेला माणूस मसाला घेत नाही.

आमचा गाईड पन्नाशीचा होता, मट्टांचेरीचाच, घरी कोंकणी बोलणारा. त्याचे पूर्वज सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून निघालेल्यांपैकी. आम्ही मराठीत विचारायचं, त्याने कोंकणीत सांगायचं, अडलं की दोघांनी हिंदीत शिरायचं. इतर लोक त्याला ‘चेट्टा’ हाक मारत होते, आम्हीही तीच उचलली. त्याला पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं होतं: पैसे तुम्ही सांगितले तेवढेच, दुकान एकही नको. त्याने दोनदा खात्री करून घेतली. मग तो ज्या रस्त्याने चालायला लागला, तो मी आधी पाहिलेल्या कुठल्याच व्हिडिओत नव्हता.

एका साध्या कोपऱ्यावर काप्पिरी मुत्तप्पनचं छोटंसं ठाणं आहे. मूर्ती नाही. लोक मेणबत्ती लावतात, सिगारेट ठेवतात, दारू ठेवतात. काप्पिरी म्हणजे आफ्रिकेतून आणलेला गुलाम. लोककथा अशी की 1663 मध्ये डचांनी कोची घेतली तेव्हा पळणाऱ्या पोर्तुगीजांनी खजिना पुरला आणि त्याच्या राखणीसाठी गुलामांना मारून तिथेच पुरलं. त्यांचे आत्मे अजून राखण करतात. आपल्याकडच्या राखणदाराला ओळखणाऱ्या कोकणी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण मसाल्यांच्या व्यापाराची जी गुळगुळीत गोष्ट बोटीवरच्या ऑडिओत ऐकवतात, वास्को द गामा आला, मिरी गेली, 1524 मध्ये तो इथेच वारला, सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरला, 1539 मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले, तिच्यात हा गुलाम कुठेच नाही. गामाच्या रिकाम्या थडग्याला कठडा आणि पाटी आहे. काप्पिरीला एक सिगारेट.

आता दुसरी बाजू. ‘गाईड लुबाडतात’ हे वाक्य मी कमीत कमी दहा मित्रांकडून ऐकलंय, आणि ते खोटं नाही. थापा मारणारे आहेत, दुकानात नेऊन दार लावून घेतल्यासारखं करणारे आहेत. पण ज्याला चार तास बोलण्याचे पाचशे देऊन आपण जिंकल्यासारखं हसतो, त्याने पावसाळ्याचे रिकामे महिने कशावर काढायचे? आपण आपल्या बिलिंग रेटवर दोन टक्के कमी झाले तर लिंक्डइन उघडतो.

याच शहरात स्थानिक जाणकाराला कसं वागवायचं याचा एक जुना दाखला आहे, आणि तो लाजवणारा आहे. डच गव्हर्नर व्हान रीडने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ काढला. अ‍ॅम्स्टरडॅमला 1678 ते 1693 या काळात छापला, 700हून अधिक वनस्पती, चित्रांसकट. माहिती अर्थातच इथल्या माणसांची. इट्टी अच्युतन हा एझवा वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य. पहिल्या खंडात त्यांची निवेदनं त्यांच्या नावांसकट छापली आहेत, कोंकणी वैद्यांचं तर देवनागरीत. डच काही साधू नव्हते, त्यांना औषधं आणि व्यापार हवा होता. ग्रंथावर मोठं नाव व्हान रीडचंच. तरीही सांगणाऱ्यांची नावं त्यांनी छापली.

साडेतीनशे वर्षांनी एखाद्या बुकिंग अ‍ॅपवर बघा. ‘एक्सपिरियन्स’चं नाव मोठं, खाली एक हसरा फोटो, पहिलं नाव आणि तारे. त्या ताऱ्यांबद्दल चेट्टाने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. गुलामांबद्दल जास्त बोललं की रेटिंग पडतं. लोक लिहितात, माणूस चांगला आहे पण टूर जरा निगेटिव्ह आहे. मग तो समोरचा गिऱ्हाईक बघून ठरवतो की काप्पिरीच्या कोपऱ्यावरून जायचं की नाही. म्हणजे दुकानदाराचं कमिशन सुटलं तरी रस्ता पुन्हा वाकतोच, या वेळी आपल्या मूडप्रमाणे.

आणि ‘केरळ, 5 रात्री 6 दिवस’वाल्या पॅकेजमध्ये तर कोचीला अर्धाच दिवस असतो. विमानतळ, जाळी, ज्यू टाऊन, मुन्नार. मट्टांचेरीतल्याच कडवुंभागम सिनेगॉगचा दर्शनी भाग 2019च्या पावसात कोसळला. परदेशी सिनेगॉगपासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिकडे बस थांबत नाही.

माझी मागणी छोटी आहे. तासांचे पूर्ण पैसे द्या, घासाघीस न करता, आणि दुकान नको असेल तर सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, रिव्ह्यूच्या फॉर्ममध्ये आणखी दोन प्रश्न टाकावेत: गाईडने किती दुकानांत नेलं, आणि तुम्ही दिलेल्यातले त्याच्या हातात किती पडले. पहिलं फील्ड टाकायला एका डेव्हलपरला अर्धा दिवस पुरतो. दुसऱ्याचं उत्तर अ‍ॅपच्या डेटाबेसमध्ये आधीपासून आहे, फक्त ते स्क्रीनवर दाखवायचं कुणी मनावर घेतलेलं नाही.