जुन्या गाण्यांचे भांडवल किती वर्षे पुरेल?

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात फारुख बलसारा नावाचा एक पारशी विद्यार्थी पियानो वाजवीत असे. पुढे इंग्लंडात तो फ्रेडी मर्क्युरी या नावाने प्रसिद्धीस आला आणि १९९१ साली निवर्तला. त्याच्या ‘क्वीन’ या वाद्यवृंदाच्या गीतांचे हक्क सोनी कंपनीने सुमारे एक अब्ज पौंडांना घेतल्याचे वृत्त २०२४ च्या जूनमध्ये आले, तेव्हा पाचगणीकरांना त्याचे कौतुक वाटले असल्यास नवल नाही. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्या वृत्तात कौतुकापलीकडचे काही आहे. जुने गाणे ही आता भाड्याने दिलेल्या वाड्यासारखी मालमत्ता झाली आहे. गाणे वाजले की भाडे जमा!

असा सर्वांत जुना वाडा भारतात ‘सारेगामा’ कंपनीचा आहे. ग्रामोफोन कंपनीने १९०१ मध्ये कलकत्त्यास शाखा उघडली व पुढल्याच वर्षी गोहर जान हिचे गाणे मुद्रित केले. कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या तबकड्या महाराष्ट्रातील दोन पिढ्यांनी ऐकल्या. १९८५ मध्ये ही कंपनी गोएंका समूहाकडे आली आणि २००० साली तिला सध्याचे नाव मिळाले. तिचे समभाग बाजारात विकत मिळतात, आणि ‘आपल्या लहानपणीची गाणी यांच्याकडे आहेत’ एवढ्याच भरवशावर ते घेणारेही पुष्कळ असतात.

हा भरवसा तपासून पाहिला पाहिजे. कारण वाडा कायमच्या मालकीचा नाही, मुदतीचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. १९५५ च्या मुद्रणांवरील हक्क २०१५ अखेर संपला. १९६५ च्या मुद्रणांची मुदत २०२५ अखेरपर्यंतचीच. म्हणजे ज्या काळाला रसिक सुवर्णकाळ म्हणतात, तो दर १ जानेवारीस एकेका वर्षाने कंपनीच्या मुठीतून निसटत आहे.

अर्थात, मुदत संपली की सारेच संपले असे नव्हे. शब्द आणि चाल यांवरील हक्क निराळे असून ते कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतात. शेटफळ्यास जन्मलेले ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये निवर्तले. त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित राहतील. तेव्हा जुनी तबकडी कोणी फुकट छापू लागेल हे भय अतिशयोक्त आहे. तथापि, मुद्रणावरील एकाधिकार गेला की सौद्यातील जोर कमी होतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांनाही स्वामित्वधनात वाटा दिला आहे.

मग गेलेल्या गाण्यांची जागा कोणती गाणी घेणार? सत्तरीच्या दशकातली अजून बरीच वर्षे आहेत. खरी खिंड त्याच्या पुढे आहे. १९८० च्या दशकात कॅसेट आली, तेव्हा ग्रामोफोन कंपनी तबकडीच्या जुन्या भावांना आणि मोजक्या दुकानांना धरून बसली. गुलशन कुमार यांच्या ‘टी-सीरीज’ने कितीतरी कमी किमतीच्या कॅसेटी पानाच्या ठेल्यांपर्यंत पोहोचविल्या. कायद्यातील एका पळवाटेचा आधार घेऊन तीच जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतली आणि मग त्या नफ्यातून नवी चित्रपटगीतेच विकत घेण्यास सुरुवात केली. ‘कयामत से कयामत तक’ (१९८८) व ‘आशिकी’ (१९९०) त्यांच्याकडे गेले. ‘राजा हिंदुस्तानी’ (१९९६) ‘टिप्स’कडे. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) हा जुन्या कंपनीच्या वाट्यास आलेला मोठा अपवाद. आज चाळिशीत असलेला ग्राहक ज्या गाण्यांनी हळवा होतो, त्यांतील बराच मोठा भाग प्रतिस्पर्ध्यांच्या कोठारात पडून आहे. तीस वर्षांपूर्वीच्या सुस्तीची किंमत अशी आता चुकवावी लागत आहे.

चालकांना हे कळत नाही असे मुळीच नाही. २०१७ मध्ये पाच हजार गाणी भरलेली ‘कारवां’ पेटी काढून त्यांनी वृद्धांची नस अचूक पकडली. पण तिचा पहिला बहर टिकला नाही. २०२१ मध्ये मोठ्या संस्थांना समभाग देऊन ७५० कोटी रुपये उभारले गेले, ते मुख्यतः नवे संगीत घेण्यासाठी. परंतु नव्या गाण्यांच्या लिलावात टी-सीरीज, सोनी, झी हे सारेच उभे असतात आणि भाव चढतात. दुसरीकडे गाणी घेणारी ॲपे घटत आहेत. ‘रेसो’ व ‘विंक’ दोन्ही २०२४ मध्ये बंद पडली.

याचे प्रतिबिंब हिशेबात दिसते. २०२३-२४ मध्ये कंपनीचे उत्पन्न सुमारे ८०० कोटी व निव्वळ नफा सुमारे १९७ कोटी होता. २०२४-२५ मध्ये उत्पन्न सुमारे १,१७० कोटींवर गेले, नफा मात्र २०४ कोटींच्या आसपासच राहिला. दिलजित दोसांझ यांच्या जलशांसारख्या कार्यक्रमांनी उलाढाल फुगते. पण त्यात मांडव, दिवे, कलावंतांचे मानधन यांचा खर्चही मोठा असतो. घरभाड्याच्या धंद्यातून कंपनी अशी हळूहळू कंत्राटदारीच्या धंद्यात उतरत आहे.

हा प्रश्न मुंबईच्या दलालांपुरता नाही. नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्या बहुतेक शिक्षकांना जुने निवृत्तिवेतन नाही. वाई-साताऱ्याच्या शाळांतील कारकूनही आता मोबाइलवरून समभाग घेतात. कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली नाही, बुडणारीही नाही. मात्र तिचा समभाग ‘वर्षानुवर्षे भाडे देणारा’ समजून म्हातारपणाची पुंजी त्यात घालणे चुकीचे ठरेल. ज्यांना घ्यावयाचाच असेल, त्यांनी उलाढालीचा आकडा बाजूस ठेवून वार्षिक अहवालात दोनच गोष्टी शोधाव्यात : नव्या गाण्यांवर किती खर्च झाला, आणि तीन-चार वर्षांपूर्वी घेतलेली गाणी आज किती मिळवून देत आहेत.